हिप्परगा ते अंबाजोगाई: ढेळजेच्या आतली शाळा

अंबाजोगाईला मी याआधी तीनदा गेले होते आणि तिन्ही वेळा योगेश्वरीचे दर्शन घेऊन, मुकुंदराजांच्या समाधीची दरी उतरून-चढून परतले होते. या खेपेस मात्र जुन्या शाळांचा माग काढायचा होता, आणि तो काढायचा तर सुरुवात लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यापासून करावी लागते. म्हणून लातूरहून सकाळची एसटी धरून मी आधी उलट्या दिशेला गेले.

हिप्परगा हे आजही आडवळणाचेच गाव आहे. येथे 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि 1929 मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तेथे शिकवायला आला. पुढे संन्यास घेऊन तोच हैदराबाद मुक्तिलढ्याचा नेता स्वामी रामानंद तीर्थ झाला. एवढ्या लहान गावात अशी शाळा काढावी असे कोणाला का वाटले असेल, हे निजामी राज्यातील शिक्षणाची उतरंड पाहिल्याशिवाय समजत नाही. शाळेच्या प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च पायऱ्यांना तेव्हा अनुक्रमे तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशी नावे होती. तळाच्या पायरीवर मराठी मुलाला मराठीत शिकता येई, पण वर चढायचे तर उर्दूचा हात धरावाच लागे, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूतच ठेवले होते. मातृभाषेतून शिकवणे हीच तेथे राजकीय कृती ठरत होती. हिप्परग्यात हा इतिहास मला उत्साहाने सांगितला गेला, मुली त्या काळी कुठे शिकत होत्या, या माझ्या प्रश्नावर मात्र सांगणारे गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, “ते घरचं असायचं हो, ताई.”

ते ‘घरचं’ हा शब्द डोक्यात ठेवूनच मी दुसऱ्या दिवशी रेणापूरमार्गे अंबाजोगाईला पोचले.

निजामाच्या काळात या गावाचे नाव मोमिनाबाद होते आणि येथे घोडदळाची छावणी होती. त्या छावणीच्या गावात 1917 साली योगेश्वरीच्या नावाने शिक्षणसंस्था उभी राहिली. हिप्परगा सोडल्यावर 1935 मध्ये स्वामीजी येथे आले, बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारीही येथे रमले, आणि 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी स्वामीजींनी शाळा सोडली. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याचा पुष्कळसा भाग शाळेच्या फळ्यासमोर घडला आहे, असे मला येथे फिरताना वारंवार वाटत राहिले. हे सगळे सन आणि ही नावे गावात कोणीही तोंडपाठ सांगतो. मुलींचा उल्लेख आला की सन गळून पडतात आणि “पुढे पुढे मुलीही येऊ लागल्या” एवढे एकच वाक्य उरते. येथून तीनेकशे किलोमीटरवरच्या पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली होती. ते राज्य वेगळे होते हे खरे, पण तेवढ्याने माझे समाधान होईना.

शिवाय हा प्रदेश काही स्त्रियांच्या शब्दाला पारखा नव्हता. धवळे म्हणजे लग्नगीते रचणारी महदाइसा, गंगाखेडची जनाबाई आणि शिऊरची बहिणाबाई या तिघी याच मुलखातल्या, आणि शाळा मात्र तिघींपैकी एकीनेही पाहिलेली नव्हती. याच अंबाजोगाईत दासोपंतांनी कागद न वापरता चाळीस फूट लांबीच्या जाड कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले, ती प्रसिद्ध पासोडी. पुरुषाची अक्षरे कापडावर का होईना टिकली. बायकांची जात्याबरोबर फिरली आणि पिठात मिसळून गेली.

ओळखीच्या एका बाईंनी मला जुन्या पेठेतील एका वाड्यात नेले. दगडी उंबरठा, आत ढेळज म्हणजे दारालगतची बसायची ओसरी, वर माळवद, आणि ढेळजेच्या आतल्या अंगाला बाजेवर नव्वदी ओलांडलेल्या एक आजी बसलेल्या होत्या. त्यांनी चौथीपर्यंत शाळा पाहिली होती. पाटी घरची, पेन्सिल भावाने टाकून दिलेला तुकडा, आणि शाळेत जाताना डोक्यावर पदर. सात वर्षांच्या मुलीला परकराबरोबर ओढणीसारखा पदर घ्यावा लागे, हे सांगताना त्या स्वतःच हसल्या. चौथीनंतर काय झाले, असे मी विचारले.

“काय व्हायचंय? नाव काढलं. पुढची शाळा पोरांची, त्यात समदं उर्दू, अन् घरात लग्नाचं बोलणं चालू. रडले नाही मी. रडायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

त्यांचा थोरला भाऊ सरकारी वस्तानियात शिकत असे आणि संध्याकाळी ढेळजेत बसून मोठ्याने धडे घोकत असे. भिंतीच्या अलीकडे आजी दळत किंवा निवडत बसलेल्या असत. 1947 मध्ये विद्यार्थ्यांनी शाळा सोडून आंदोलनात उतरावे अशी हाक आली, तेव्हा भाऊ शाळा सोडून सरहद्दीवरच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या एका छावणीत गेला. घरात त्याच्या नावाने अभिमानही होता आणि घोरही होता. “त्यानं शाळा सोडली तर गावानं नाव घेतलं, माझी सुटली तर कुणाच्या ध्यानात पण आलं नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तक्रार होती की नुसती नोंद, हे मला ठरवता आले नाही.

1948 मध्ये निजामी राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतरचा काळ त्यांनी दोन वाक्यांत संपवला. नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय, दोन्ही 1950 सालची; पण तोवर आजी दोन लेकरांच्या आई झाल्या होत्या. त्यांची नात मात्र याच गावात, स्वामीजींच्या नावाने असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाली. नातीचा फोटो भिंतीवर होता. भावाचाही होता, हार घातलेला.

निघताना मी सहज विचारले की, भावाच्या धड्यांतले काही आठवते का. त्यांनी मांडीवरचे सूप बाजूला ठेवले, डोळे मिटले आणि एका ठेक्यात म्हणायला सुरुवात केली: “अलिफ, बे, पे, ते, टे, से, जीम, चे, हे, खे, दाल.” मी पुढच्या अक्षराची वाट पाहत होते. त्यांनी डोळे उघडले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतले.

“यातलं एक बी अक्षर मी पाहिलेलं नाही, बाई. नुसतं ऐकलंय.”