आंबा घाट, काळा धूर आणि ऍव्हरेजचा हिशोब

खंबाटकी घाटात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांनी भरलेला एक टेम्पो आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि पुणे–रत्नागिरी प्रवासातला समुद्र, आंबे आणि मासे हे सगळे माझ्या दृष्टीने तिथेच दुय्यम ठरले. आमची गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर. सहली आणि वऱ्हाडे वाहून झाल्यावर ती आमच्याकडे आली, आतली आसने निघून दोन बिछाने, ओटा आणि पाण्याची टाकी बसली, छतावर कॅरिअर चढले, आणि आरटीओच्या दफ्तरी या बदलांची रीतसर नोंदही झाली. तिचे इंजिन बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या काळातले, २.६ लिटरचे, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा गार करणारी जाळी) असलेले आहे. त्याची वंशावळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या डिझेल इंजिनापर्यंत जाते. नावाजलेल्या कुळातले हे इंजिन खंबाटकीसारख्या मध्यम चढावर दुसऱ्या गिअरवर येत होते, आरशात काळा धूर दिसत होता, आणि टाकी ते टाकी मोजलेले ऍव्हरेज लिटरला जेमतेम आठ किलोमीटर भरत होते.

घाट संपल्यावर चहाला थांबलो, तर तिथे सल्ल्यांचा पाऊस. ‘चिप बसवून घ्या, गाडी उडेल,’ असे सांगणारा एक गृहस्थ प्रत्येक टपरीवर नेमून ठेवलेला असावा, अशी मला आता शंका येते. इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली बदलून डिझेल वाढवले की ताकद वाढते हे खरेच आहे. परंतु ज्या इंजिनातून आधीच काळा धूर निघतो आहे, त्याला डिझेल कमी पडत नसून हवा कमी पडते आहे, एवढे साधे गणित त्या चर्चेत कोणालाही सुचत नव्हते. काळा धूर म्हणजे न जळालेला कार्बन, म्हणजेच आपण रोख पैसे मोजून घेतलेले आणि काहीही काम न करता बाहेर पडलेले इंधन. शिवाय गाडीत उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचे बंधन आहे, याची आठवण करून दिली तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

कराडहून उंडाळे, कोकरूड करत मलकापूरला पोहोचलो आणि तिथे रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये गाडी उभी केली. एअर फिल्टर पुण्यात नवीन बसवलेला होता, डिझेल फिल्टरही बदललेला होता, आणि पुण्यातल्या एका वर्कशॉपने डिझेल फवारणारे नोझल काढून तपासायचे मोठे अंदाजपत्रक हातात ठेवले होते. मलकापूरच्या पोराने, त्याला पोरगाच म्हणायला हवे, फोन कानाला तसाच ठेवून एका हाताने टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी होज पाईपच्या पोटाखालून बोटे फिरवली आणि ती वर काढून मला दाखवली. बोटांवर तेलकट काळा थर होता. ‘ह्यो पाईप गेलाय बघा साहेब, खालनं फाटलाय,’ एवढे बोलून तो पुन्हा फोनवर वळला.

ही चीर वरून दिसत नव्हती, आणि इंजिन नुसते चालू ठेवून पाहिले तरी दिसली नसती. गाडी उभी असताना टर्बो फारसा दाब निर्माण करत नाही, त्यामुळे रबराच्या फाटलेल्या कडा एकमेकींना चिकटून राहतात. चढावर लोड आला, पाईपमधला दाब वाढला, की त्याच कडा ओठांसारख्या उघडतात आणि टर्बोने कष्टाने दाबलेली हवा इंजिनात पोहोचण्याआधीच बाहेर निघून जाते. टर्बोमधून थोडे तेलाचे तुषार नेहमीच हवेबरोबर येत असतात. ते फटीतून बाहेर पडून पाईपच्या खालच्या अंगाला बसतात आणि त्यांवर धूळ चिकटते. म्हणजे गळतीचा पुरावा पहिल्या दिवसापासून तिथे लिहून ठेवलेला होता, फक्त कोणीतरी पाईपखाली हात घालायला हवा होता. संगणक जोडून ‘स्कॅनिंग’चे पैसे घेणाऱ्या त्या वर्कशॉपात तेवढे घडले नव्हते, याचा राग मला अजून आहे.

नेमका पाईप गावात मिळाला नाही, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवावा लागला, आणि त्या रात्री गॅरेजच्या आवारातच मुक्काम झाला. गॅरेजमालकाच्या आईने भाकरी आणि झणझणीत पिठले पाठवले. पैसे विचारले तर चक्क रागावल्या. दुसऱ्या दिवशी पाईप आणि दोन नव्या क्लिपा बसल्यावर आंब्याकडे जाताना गाडी तिसऱ्या गिअरवर तक्रार न करता ओढू लागली आणि आरसा स्वच्छ झाला.

एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण आंबा घाट साखरप्याकडे उतरताना दुसरे दुखणे उघडे पडले. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ऍक्सिलरेटरवरचा पाय काढला की अशा कॉमन रेल (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात डिझेलचा पुरवठा जवळपास बंदच होतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांच्या इंजिनाला मात्र चालू राहण्यापुरते इंधन लागतेच, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका ते फुकटात विकत घेतात. तर आम्ही गिअरमध्येच उतरत होतो, आणि तापमानाचा काटा मात्र खाली खाली जात चक्क तळाला टेकला. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर असे होऊ नये. इंजिन थंड होऊ लागताच त्याने रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवायचे असते. रत्नागिरीत उघडून पाहिले तेव्हा थर्मोस्टॅटची जागा रिकामी होती. गाडी तापल्याची तक्रार आली की थर्मोस्टॅटच काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी गॅरेज-विद्या आहे, आणि आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी ती वापरली होती. अशी गाडी तापत नाही हे खरे. पण कायम गार राहिलेल्या इंजिनात तेल घट्ट राहते, घर्षण वाढते, आणि इंजिन अजून तापायचे आहे असे समजून संगणक जास्त डिझेल देत राहतो. काही शे रुपयांचा तो भाग बसल्यावर काटा मध्यावर येऊन स्थिरावला.

गणपतीपुळे, आरे-वारे आणि जयगड पाहून झाले. सर्वत्र गर्दी होती.

मुक्कामाबद्दल मात्र दोन शब्द लिहायला हवेत, कारण डिझेलचा त्याच्याशी थेट संबंध आहे. राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ सालचे आहे, पण किनाऱ्यावर गाडी उभी करून विजेची वायर जोडता येईल अशी जागा शोधताना आमची संध्याकाळ संपली. एका हॉटेलच्या आवारात जागा मिळाली, वीज मिळाली नाही, आणि उकाड्यात एसीसाठी इंजिन चालू ठेवावे लागले. उभ्या गाडीत असे तासाला लिटरभर डिझेल सहज जळते आणि किलोमीटर शून्य. मालगुंडला एका घरमालकांनी माडांच्या सावलीत गाडी लावू दिली, पडवीतून वायर दिली, आणि विजेचे पैसे मीटर पाहून घेतले. इतका सरळ व्यवहार मला पाहुणचारापेक्षाही मोलाचा वाटतो.

परतताना मी पत्नीशी वजनावरून वाद घातला. तिचे म्हणणे असे की पाण्याची टाकी रिकामी करूनच घाट चढावा. मी हिशोब मांडला: सव्वातीन टनांची गाडी पाचशे मीटर वर उचलायला, इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर, साधारण दीड लिटर डिझेल लागते, त्यातले शंभर लिटर पाण्याच्या वाट्याला पन्नास मिलिलिटरही येत नाही. वजनाने पिकअप मरतो, ऍव्हरेज फारसे मरत नाही. ऍव्हरेज मारतो तो वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ७० ऐवजी ९०ने जाताना तो दीडपटीहून अधिक होतो, आणि आमच्यासारख्या कपाटाच्या आकाराच्या गाडीत तो फरक शंभर किलोमीटरमागे दोन लिटरांच्या आसपास जातो. कराडनंतर महामार्गावर मी काटा सत्तरच्या पुढे जाऊ दिला नाही. टायरमधली हवा गाडीवरच्या पट्टीनुसार, सकाळी टायर थंड असताना भरून घेतली होती, तीही दुकानदाराशी हुज्जत घालून, कारण त्याला सगळ्याच गाड्यांत ‘पस्तीस’ मारायची सवय होती.

पुण्यात टाकी भरली तेव्हा ऍव्हरेज साडेदहाच्या वर निघाले. आता राहिले आहे ते छतावरचे कॅरिअर: रिकामे असले तरी वारा अडवते आणि सत्तरनंतर शिटी वाजवते. ते उतरवले की छताची चार भोके बुजवावी लागतील, आणि त्या कामासाठी फॅब्रिकेटरने दिलेली तारीख आताच पुढे ढकलली गेली आहे.