आईच्या फोनमधला मी

मी रोज दोनदा घरी येतो. आधी आईच्या फोनमध्ये, मग दारात.

फोनमधला मी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. एकदा रात्री उशीर होणार होता, तेव्हा 'काळजी करत बसू नकोस' म्हणून मीच तिला लाइव्ह लोकेशन लावून दिलं. काळजी काही गेली नाही, तिला बसायला फक्त एक जागा मिळाली. आता मी निघालो की ती चष्मा लावते, फोन उशीला टेकवून ठेवते आणि ठिपक्यावर नजर ठेवून कपड्यांच्या घड्या घालते. ठिपका थांबला की घडीही थांबते. मी जिना चढेपर्यंत दार उघडलेलं असतं. बेल वाजवून कित्येक महिने झाले.

तिला हसण्याचा मला अधिकार नाही. अनोळखी भागात गेलो की मीसुद्धा चौकात उभा राहून रस्त्याकडे बघत नाही, माझ्या फोनमधल्या निळ्या ठिपक्याकडे बघतो. पाच पावलं चालायचं, तो कुठे सरकतो ते पाहायचं, उलटीकडे सरकला की मागे वळायचं. बघणाऱ्याला वाटत असेल, या माणसाचं काहीतरी पडलंय.

या ठिपक्यामागचा खटाटोप मात्र अफाट आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सतत वेळ सांगत फिरत असतात. कुणाची वेळ किती उशिरा पोचली, यावरून फोन आपली जागा काढतो; त्यासाठी निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. वरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून ती आधीच तेवढी हळू लावून पाठवतात. एवढं सगळं कशासाठी, तर मी कोपऱ्यावर वळलो की नाही हे आईला कळावं म्हणून! २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम घोळ घालून ठेवायची, शंभरेक मीटरचा फरक पडायचा. तेव्हा आई खिडकीत उभी राहायची. तिथून शंभर मीटरपर्यंत सगळं स्वच्छ दिसायचं.

उघड्या आकाशाखाली ठिपका चांगला वागतो. घरात शिरला की मात्र त्याला पाय फुटतात. संदेश भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि फोनचा हिशेब चुकतो. एका रविवारी दुपारी मी गाढ झोपलो होतो आणि माझा ठिपका समोरच्या इमारतीत हिंडत होता. उठल्यावर आईने विचारलं, "समोर कुणाकडे गेला होतास?"

"मी झोपलो होतो. तूच पांघरूण घातलंस ना?"

"घातलं रे. पण यात तर तू तिकडे होतास."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की क्षणभर मीच आठवायला लागलो, समोर कोण राहतं.

माझ्या नकाशावर त्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ असतं. फोनला खात्री नसली की ते मोठं होतं. या सगळ्या प्रकारात मला तेवढंच मनापासून आवडतं. 'मी इथेच कुठेतरी असेन' असं कबूल करणारी माणसं तरी किती भेटतात? पण वर्तुळाकडे बघतो कोण. आपण मधला ठिपका धरून चालतो.

गेल्या आठवड्यात मित्राने गाडीतून घरापाशी सोडलं आणि माझा फोन त्याच्या सीटवर राहिला. वर आलो तर दार बंद. बेल वाजवली. आईने दार उघडलं. एका हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल, दुसऱ्या हातात फोन. तिने माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. ठिपका घरापाशी क्षणभर थांबून पुढे निघून गेला होता.

"अरे, तू इतक्यात कसा?"

"फोन गाडीत राहिला," म्हणत मी आत आलो, चपला काढल्या, पाणी प्यायलो. ती परत जागेवर जाऊन बसली होती. टॉवेल तसाच मांडीवर. ठिपका एव्हाना पूल ओलांडून बराच लांब गेला होता.

"एवढ्या रात्री कुठे चाललायस आता?" आईने विचारलं. फोनला.