गुळवेलीवरची अळी आणि मामाची मोसंबी

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखी आम्हीपण काढ्यासाठी गुळवेल लावली, वीतभर काडी कुंडीत खोचली होती, दोन पावसाळ्यांत तिनं बाल्कनीची अख्खी जाळी झाकून टाकली. यंदा श्रावणात पानं कुरतडलेली दिसायला लागली म्हणून वेल बाजूला करून बघितलं तर काळपट तपकिरी, चांगली जाडजूड अळी. जरा धक्का लागला तशी डोकं पोटाशी खुपसून मागचं टोक वर करून बसली आणि अंगावरचे ते डोळ्यासारखे ठिपके, मधे काळं बुबुळ नि भोवती पिवळट कडं, थेट माझ्याकडेच रोखलेले. खरंच दचकले मी.

मग रोज बघायचा नादच लागला. काही दिवसांनी तिनं दोन पानं रेशमानं जोडून आत कोश केला आणि साधारण दोन आठवड्यांनी सकाळी जाळीवर पतंग! पंख मिटलेले असताना हुबेहूब वाळकं पान, पण उडाला तेव्हा खालचे पंख भडक केशरी, मधोमध गोल काळा ठिपका. याचं शास्त्रीय नाव युडोसिमा मॅटर्ना. ओक, पॉप्लरवर वाढणारे युरोप-अमेरिकेतले अंडरविंग पतंग असाच खालचा रंग लपवून बसतात, फक्त त्यांची अंडी झाडाच्या सालीवर हिवाळा काढतात, आपल्याकडच्या या पतंगाच्या मात्र वर्षात कितीतरी पिढ्या होतात.

फोटो मामाला पाठवला, त्याची जालन्याकडे मोसंबी आहे. लगेच फोन, "अगं हाच तो, रात्री येऊन फळं भोसकतो!" याची सोंड टणक आणि काटेरी असते, सालीतून आरपार जाते, भोक टाचणीएवढंच पण त्यातून बुरशी शिरते, फळ सडून गळतं. आणि अळी मोसंबीला तोंडसुद्धा लावत नाही, तिला गुळवेल नाहीतर वासनवेलच लागते, म्हणून बागेत कितीही फवारा, अळ्या तिथे नसतातच. मामा संध्याकाळी धूर करतो, रात्री बॅटरी घेऊन फिरतो, उजेडात यांचे डोळे चमकतात तेव्हा जाळीनं धरतो. पण बांधावरच्या वेली तशाच होत्या. माझं स्पष्ट मत आहे, फळबागेच्या बांधावर या वेली नकोत, शहरात खुशाल वाढू द्या.

रविवारी त्यानं बांध साफ करायला घेतला. माझ्या वेलीवर आज पानाखाली फिकट पिवळी, अर्धगोल अंडी दिसलीयत, पाच.