पॉइंट ब्लँक

दुपारी सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. शेजारचे गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "मी त्याला पॉइंट ब्लँक विचारलं! म्हटलं, देणारेस की नाही?" आवाज एवढा चढला की कात्रीसुद्धा क्षणभर थांबली.

माझा मात्र या वाक्यावर काडीचा विश्वास नाही. खरंच तोंडावर विचारणारा माणूस ते नंतर असं सांगत बसत नाही.

आमच्या बापूकाकांनी एका वर्षी आंब्याची कलमं एका व्यापाऱ्याला कराराने दिली होती. मिरग आला तरी निम्मे पैसे येणेच. काका तावातावाने निघाले, मला लुनावर मागे बसवून. तिथे गेल्यावर पडवीत आधी पावसाचा विषय निघाला. मग तुडतुड्यांचा. मग व्यापाऱ्याच्या आईच्या गुडघ्यांचा. त्यावर काकांनी निर्गुडीचा पाला सुचवला. चहा झाला. चपला घालताना, जमिनीकडे बघत, काका म्हणाले, "बाकी... ते आपलं... बघा सवडीने." तो म्हणाला, "हो हो, आहे ना डोक्यात!"

घरी आल्या आल्या काका गरजले, "पॉइंट ब्लँक विचारलं मी त्याला!"

काकू भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "किती दिले?"

काका पाय धुवायला मागीलदारी गेले.

बंदुकीची नळी जराही वर न उचलता नेम धरला तिथेच गोळी लागेल, ते पॉइंट ब्लँक अंतर. आमची नळी आधी आभाळाकडे.

सरळ विचारायची रीतसर सोय आहे ती विधिमंडळात. तारांकित प्रश्न म्हणजे छापील पॉइंट ब्लँकच. अमुक पूल खचला, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? त्यावर उत्तर: "हे खरे नाही." आणि पुढच्या उपप्रश्नाला: "प्रश्न उद्भवत नाही." हे शेवटचे तीन शब्द ज्या कुणा कारकुनाने पहिल्यांदा लिहिले असतील, त्याला माझा दंडवत. बापूकाकांच्या व्यापाऱ्याला ते ठाऊक नव्हते, म्हणून बिचाऱ्याला चहा पाजावा लागला.

माझंही जुन्या घरमालकाकडे डिपॉझिट अडकलंय. रविवारी जाऊन विचारणारच आहे. जाताना पाव किलो बाकरवडी न्यावी म्हणतो. मोकळ्या हाताने जाणं बरं दिसत नाही.