‘तू तर सरकारी नोकर, तुला कशाला?’

दोन वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्ये ज्युरीचं समन्स आलं तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हटलं, नानावटी खटल्यात होती ना, तशी ज्युरी, आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे साधे नागरिक. ती लगेच म्हणाली, "अगं, तू तर सरकारी नोकरीत! तुला कशाला? कळवून टाक तसं."

माझ्याही मनात तेच होतं. मी इथे काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरवाटप विभागात आहे. शिवाय पासपोर्ट भारताचाच. पण कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदारयादीत नाव आहे, वय १८ ते ७५ मधलं आणि पाचहून अधिक वर्षं वास्तव्य, एवढं पुरतं. मॅनेजर म्हणाली, नोकरीच्या नावावर सूट नाही. फार तर एकदा तारीख पुढे ढकलून मिळेल, तीही वर्षाच्या आत.

पूर्वी मिळायची. न्यायाधीश, वकील, पोलीस यांना ज्युरीत घेतच नसत; डॉक्टर, नर्स, खासदार यांना हवं तर नाही म्हणता येई. २००३च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने एप्रिल २००४ पासून हे सगळं काढून टाकलं. आता न्यायाधीशालाही समन्स येतं. सैनिकाला मात्र कमांडिंग ऑफिसरने तसं लिहून दिलं तर सोडतात. पोलीस ज्युरीत बसला तर? २००७मध्ये हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला. दोषी ठरलेल्यांच्या तीनपैकी दोन अपिलं मान्य झाली. एकात ज्युरीत पोलीस होता, दुसऱ्यात सरकारी अभियोग खात्याचा वकील. तिसऱ्यातही ज्युरीत पोलीस होता, पण ते फेटाळलं. म्हणजे हुद्दा नाही, तो खटला बघायचा. मला हे पटतं.

खरं पटलं ते मात्र कोर्टाच्या प्रतीक्षागृहात. शेजारी एक सुतार बसला होता, स्वतःचा धंदा असलेला. तेव्हा कोर्ट बुडालेल्या कमाईपोटी दिवसाला जास्तीत जास्त ६४.९५ पौंड देत असे. त्याची दोन कामं हातची गेली होती. माझा पगार काउन्सिलने चालूच ठेवला होता. सूट मागायचीच तर त्याने मागावी, मी कुठल्या तोंडाने मागणार होते?

कोर्टात क्लार्कने चिठ्ठ्या पिसल्या. सातवं नाव माझं निघालं. कोणता ग्रंथ हवा, असं विचारल्यावर मी गीता मागितली. ती हातात धरून शपथ वाचताना आवाज कापला.

पुढचं लिहिता येणार नाही. ज्युरीच्या खोलीतलं बोलणं बाहेर सांगणं इथे गुन्हा आहे. आईलाही सांगितलेलं नाही.