अभिप्राय कळवावा

पुस्तक भेट देणारा लेखक पहिल्या कोऱ्या पानावर सही करतो, तारीख टाकतो आणि खाली बारीक अक्षरात लिहितो, 'अभिप्राय कळवावा.' घरपट्टीच्या नोटिशीला निदान मुदत असते. या दोन शब्दांना तीही नसल्यामुळे घेणारा जन्मभराचा थकबाकीदार होऊन बसतो.

जळगावात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी घराबाहेर पडायची सोय राहत नाही, मग माणसं कविता करतात, असा माझा एक कच्चा सिद्धान्त आहे. आमच्या कॉलनीतल्या निवृत्त काकांनी स्वखर्चाने कवितासंग्रह काढला आणि घरोघरी वाटला. तेव्हापासून सकाळी मैदानावर फेऱ्या मारणाऱ्यांत दोन तट पडले आहेत : वाचलेले आणि चुकवणारे. चुकवणाऱ्यांची एक ठरलेली युक्ती आहे. काका दिसले की लांबूनच हात वर करून "वा काका, काय लिहिलंय!" असं ओरडायचं आणि चालण्याचा वेग वाढवायचा. काका खूश होतात, पण क्षणभरच. कारण त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणती आवडली?"

गंमत अशी, की हीच माणसं भरताला बसली की त्यांना कुठे जीभ अडत नाही. हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत पार्ट्या झडतात. पांढरट हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात ठेचायची. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात. सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. पंगत बसली की रांधणारा वाढायच्या निमित्ताने दोनदा पुढून जातो. विचारत काही नाही, नुसता चेहरे बघतो. मग धुळ्याकडचा एखादा पाहुणा पहिला घास गिळून म्हणतो, "मीठ कमी पडनं, भाऊ." दुसरा म्हणतो, वांगं झकास भाजलंय, बुडाशी जरासुद्धा कच्चं नाही. तिसरा तोंडाने काही न बोलता ताट पुढे करतो. रांधणाऱ्याला काय हवं ते सगळं मिळालं. कुणी रागावत नाही, मिठाचं भांडं तेवढं फिरतं.

आता हेच शब्द कवितेबाबत का सुचत नाहीत? माझ्या मते कारण साधं आहे. भरीत आपण आधी खातो, मग बोलतो. पुस्तकाबाबत मात्र नुसत्या वासावर ढेकर देण्याची पद्धत पडली आहे. न वाचता केलेलं कौतुक लगेच ओळखू येतं, कारण ते कोणत्याही पुस्तकाला चालतं. 'हृदयस्पर्शी, लिहीत राहा' हे शब्द काकांच्या संग्रहाला लागू पडतात तसे ते पंचांगालाही लागू पडतील.

वाचणाऱ्यांचेही नमुने आहेतच. एक जण ऱ्हस्व-दीर्घ तपासतो. अख्ख्या संग्रहातून त्याच्या हाती एक चुकलेली वेलांटी लागते आणि ती तो प्रकाशन समारंभात, माइकवरून सांगतो. दुसऱ्याला काकांच्या आईवरच्या कवितेवरून स्वतःची आई आठवते, आणि पुढचा अर्धा तास काका श्रोते. हा माणूस प्रेमळ असतो म्हणून त्याला कुणी थांबवतही नाही. पण खरा वैताग आणतात ते आपसांत भांडणारे. भरतात टोमॅटो घालावा की नाही, यावरून पंगतीत दोघांची जुंपते, तिसरा एकाची बाजू घेतो, गावाचा आणि जातीचा उद्धार होतो. रांधणारा बिचारा झारा हातात घेऊन उभाच. त्याने टोमॅटो घातलेलाही नसतो.

एका अभिप्रायाचं वजन किती असतं, हे खानदेशी माणसाला तरी वेगळं सांगायला नको. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. धरणगावात जन्मलेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा तिथे कविता म्हणून गेला आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. ठोंबरे हे आडनाव आज कितीजणांना आठवतं? बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांच्या गाण्यांची वही मुलाने, सोपानदेवांनी, आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती बावनकशी सोनं ठरवली आणि १९५२ मध्ये ती गाणी छापून आली. अत्र्यांनी वही न उघडता "छान आहे, लिहीत राहा" म्हटलं असतं तर? गाणी रचणारी तर तेव्हा हयातही नव्हती.

काकांचा संग्रह सोनं नाही. पण त्यात पाणंदीवर एक कविता आहे : पावसाळ्यात बैलगाडी रुतते, बाप खाली उतरून चाकाला खांदा लावतो, आणि गाडीत बसलेल्या पोराला पहिल्यांदाच बापाचा टाळू वरून दिसतो. कविता तिथेच संपायला हवी होती. काकांनी पुढे संस्कृतीच्या ऱ्हासावर चार ओळी जोडल्या आहेत.

एका सकाळी काकांना बाजूला घेऊन मी हे सांगितलं. चारचौघांत नाही, टाळूची ओळ कशी लागली तेवढं मात्र सगळ्यांसमोर सांगून झालं होतं. काकांनी ऐकून घेतलं, "हं" म्हणाले, मफलर सारखा केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मैदानावर उलट्या दिशेने फेऱ्या मारायला सुरुवात केली. मला टाळण्यासाठी असणार, पण मैदान गोल आहे. उलटं चाललं की प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यावं लागतं, आणि आता दर वेळी काकाच आधी मान हलवतात.