सातवं पाणी

माणसाचा चिक्कूपणा मोजायचं आमच्या घरात एकच माप आहे. तो चोथ्यात पुन्हा पाणी घालतो का? कुणाकडे फिकट चहा मिळाला तर सासूबाई तिथे चकार शब्द काढत नाहीत. परतताना रिक्षात बसल्या की म्हणतात, "सकाळचाच चोथा होता गं." त्या घराची अब्रू आमच्या लेखी तिथेच संपते.

अशा घरात पुतण्याने चीनहून चहा आणला. कामानिमित्त त्याचं शियामेन बंदराच्या बाजूला जाणं-येणं असतं. डब्यात हवा काढून घेतलेली बोटभर पाकिटं, एकेकात सातेक ग्रॅम पत्ती. पत्ती म्हणायची खरी, पण होत्या वाटाण्याएवढ्या घट्ट, हिरव्याकाळ्या गुंडाळ्या. एका बाजूला फुगीर आणि दुसरीकडे शेपूट. चिनी लोक म्हणे तिला चतुराचं डोकं आणि बेडकाचा पाय म्हणतात. ऐकून तोंडाला पाणी सुटावं असं वर्णन नाही, पण निरखून पाहिलं तर बरोबर आहे. चहाचं नाव थ्येक्वानयिन. सासूबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्याचा 'टायगर चहा' करून टाकला.

पुतण्या कसा करायचा ते सांगत होता, आणि मी "हो रे, चहाच ना" म्हणून ऐकत नव्हते. चार कप पाणी, साखर, एक पाकीट. रंग येईना म्हणून दुसरं. मग खळखळून उकळी, वरून दूध. पाच मिनिटांनी झाकण काढलं तर पातेलं पानांनी गच्च भरलेलं. त्या एवढ्याशा गुंडाळ्या उलगडून बोटबोटभर पानं झाली होती, देठासकट. सासूबाईंनी डाव घालून थोडी वर उचलली आणि विचारलं, "हा चहा की चुका?" चव चुक्याच्या भाजीला दूध लावावं तशीच होती. मोरीत ओतताना वाईट वाटलं ते दोन पाकिटांचं.

नंतर नीट शिकले. यात दूध नाही, साखर नाही आणि मुख्य म्हणजे उकळणं नाही. शेवटचं फार जड गेलं. आपण चहा 'टाकतो', तो 'उकळतो', 'मुरू देतो'. गॅसपाशी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवायची, उतू जायला लागला की फडक्याने पातेलं उचलायचं, हे सगळं हाडीमाशी खिळलेलं. इथे गॅसचं काम पाणी तापलं की संपतं. सुरुवातीला मी स्टीलच्या फुलपात्रातच केला. नाव शोभत होतं, पण बोटं भाजत होती. पुढच्या खेपेला पुतण्याने कायवान आणलं. बशी, तिच्यात बिनकानाची चिनी मातीची वाटी आणि वर झाकण. वाटीत पाणी मावतं जेमतेम शंभर मिलिलिटर, म्हणजे आमच्याकडे पाहुण्याला दिला तर त्याला अपमान वाटावा एवढं.

तर सगळं पाकीट त्या वाटीत. उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच टाकून द्यायचं, पानांना जाग येण्यापुरतं. मग पुन्हा पाणी, मनात वीसपर्यंत आकडे, आणि झाकण किंचित तिरकं करून फटीतून सगळा चहा गाळून घ्यायचा. थेंबही मागे ठेवायचा नाही, नाहीतर पुढचं पाणी कडवट होतं. अंगठा आणि मधलं बोट वाटीच्या काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. वाटी काठोकाठ भरली तर बोटं पोळतात, हे सांगून कळत नाही. पाणीही चांगलं हवं. आमच्या सोसायटीत नळाला पाणी नसतं तेव्हा बोअरचं सोडतात. त्या जड पाण्यात हा चहा मुका होतो. आल्याच्या चहाला मात्र ते चालतं. आल्याच्या चहाला काहीही चालतं.

आणि मग वास. गरम केलेल्या रिकाम्या वाटीत कोरड्या गुंडाळ्या टाकून झाकण लावायचं, एकदा हलवायचं आणि झाकण नाकाशी धरायचं. चिनी म्हणतात, हा ऑर्किडचा वास. माझ्या ओळखीचं ऑर्किड म्हणजे सह्याद्रीत झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी, आणि ती मी वेणीत माळलेली नाही. त्यामुळे मी आपल्या फुलांत शोधत बसले. सोनचाफा? नाही, तो फार पुढे पुढे करतो. बकुळ? ती सुकल्यावर बोलते. अनंत जवळ आला, पण पुरता नाही. मग एके दिवशी सापडलं. रात्री ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेली मोगऱ्याची वेणी सकाळी सोडली की पहिल्या क्षणाला जो गार, थोडा हिरवा वास येतो, तो. त्याच्या मागे कुठेतरी ताज्या लोण्याचा.

"अत्तर घालत असतील," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं होतं. पण यात फूल नाही, अत्तर नाही, फक्त चहाचं पान आहे. फुजियान प्रांतात आन्शी नावाचा डोंगराळ तालुका आहे, तिथलं. कोवळी कळी नाही, थोडी जून झालेली तीन-चार पानांची शेंडी खुडतात. उन्हात जराशी मलूल करतात आणि मग बांबूच्या पाळण्यात घालून घुसळतात. पूर्वी हे मोठ्या चाळणीत हाताने चालायचं. सासूबाईंना मी सांगितलं, सुपात तांदूळ पाखडतो तसं समजा. पानांच्या कडा एकमेकींवर आपटून दुखावतात, हवा लागून तांबूस होतात. घुसळायचं, पसरून ठेवायचं, पुन्हा घुसळायचं, असं रात्र-रात्र. सगळं पान तांबडं झालं असतं तर आपला नेहमीचा काळा चहा झाला असता, मुळीच होऊ दिलं नसतं तर ग्रीन टी. मध्येच कुठेतरी थांबवतात तो ऊलाँग. कुठे थांबवायचं, ते करणारा नाकाने ठरवतो. वास हवा तसा आला की पान तापल्या कढईत टाकून तो तिथेच रोखतात. मग कापडात गच्च बांधून पिळायचं, मळायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. "चक्क्यासारखं," त्या म्हणाल्या. अगदी. त्यातूनच चतुराचं डोकं तयार होतं.

वसंतातल्या खुडणीच्या चहाला अंग चांगलं आणि शरदातल्याला वास, असं तिथे म्हणतात. आमच्या डब्यातला शरदातला होता.

थ्ये म्हणजे लोखंड आणि क्वानयिन ही करुणेची देवी. शीफिंग गावच्या एका भाविक शेतकऱ्याची गोष्ट सांगतात. तो रोज क्वानयिनपुढे तीन कप चहा ठेवायचा. तिने स्वप्नात येऊन खडकातल्या कपारीत उगवलेलं रोप दाखवलं आणि त्याने ते आणून घरच्या फुटक्या लोखंडी भांड्यात लावलं. दुसऱ्या एका घराण्याचं म्हणणं असं की रोप आमच्या विद्वान पूर्वजाला सापडलं आणि नाव खुद्द छ्येनलुंग बादशहाने दिलं. पान लोखंडासारखं जड आणि क्वानयिनसारखं देखणं, म्हणून. आंबा कुणाच्या हद्दीतला यावरून दोन वाड्या भांडाव्यात, तसा हा वाद. मला विचाराल तर फुटकं भांडं जास्त खरं वाटतं.

पण क्वानयिन कोण, हे कळलं तेव्हा मी कप खाली ठेवला. तो आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन मान किंचित झुकवून उभा आहे, तो पद्मपाणी. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातही आहे. तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना आग, हत्ती, बुडतं गलबत अशा संकटांत सापडलेली माणसं कोरली आहेत आणि ती सगळी त्याला हाक मारताहेत. चीनमध्ये गेल्यावर त्याच हाका ऐकणाऱ्याचं नाव क्वानयिन झालं, म्हणजे जगाचा आवाज न्याहाळणारा, आणि पुढे काही शतकांत तो देवी होऊन बसला. सासूबाई महिला मंडळाच्या सहलीत अजिंठ्याला जाऊन आल्या आहेत. "तो होय?" त्या म्हणाल्या. "चेहरा शांत आहे त्याचा." त्या दिवसापासून त्यांनी टायगर म्हणणं सोडलं.

पुतण्याने आणखी एक गंमत सांगितली. वास घेणे याला चिनीत जे अक्षर आहे, त्याचा मूळ अर्थ ऐकणे. दाराच्या चौकटीत एक कान, असं ते लिहितात. तेव्हापासून झाकण नाकाशी नेताना मी नकळत मान जराशी तिरकी करते, दार किलकिलं असल्यासारखी.

शब्दांचंही बघा. आपला 'चहा' चिनी 'छा'वरून आला. इंग्रजांचा 'टी' मात्र या आन्शीच्याच भागातल्या बोलीतल्या 'ते'वरून. शियामेनच्या बाजूने डच व्यापाऱ्यांनी चहा युरोपात नेला, त्याच्यासोबत शब्दही गेला. म्हणजे ग्रीन टी म्हणून मिरवणारेही फुजियानी बोलतात, फक्त त्यांना ठाऊक नसतं.

आता दुपारी साडेतीनला आमचा कार्यक्रम असतो. पहिल्या पाण्यात नुसता वास, चव पातळ. दुसऱ्यात गुंडाळ्या अर्ध्या सुटतात. तिसरं पाणी सगळ्यांत चांगलं, गिळून झाल्यावर घशाकडून गोडवा वर येतो. आणि ते मुळात चोथ्यात घातलेलं तिसरं पाणी! तिसऱ्या पाण्याला सासूबाई पहिल्यांदा 'हं' म्हणाल्या तेव्हा मी त्यांना रिक्षातलं वाक्य आठवून देणार होते, पण गप्प बसले. सात पाण्यांपर्यंत वास राहतो, असं तिकडे म्हणतात. परवा त्यांनीच बोटांवर मोजलं. पाचव्याला फुलं गेली, सहाव्याला लोणी गेलं, सातव्याला ओल्या पानाचा गोडसर वास तेवढा उरला. त्यांनी वाटीतलं एक पान चिमटीत उचललं, बशीत पसरलं, नखाने सपाट केलं. हिरवं, अखंड, आणि काठाने तांबड्या दोऱ्याची शिवण घातल्यासारखं.

"साडीला छान दिसेल," त्या म्हणाल्या. चोथा मी मोगऱ्याच्या कुंडीत घातला, वाटी विसळून पालथी ठेवली. घड्याळात साडेचार होत आले होते.

"झालं ना तुझं?" आतून आवाज आला. "मग आता जरा चहा टाक."

मी आलं किसायला घेतलं.